अंगाने किरकोळ, मैदानात बेडर: निक रीवोल्टच्या घडणीचा अभ्यास

मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं आता क्रिकेटच्या जोडीला 'फूटी'ही, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलही खेळतात. पाच-सहा वर्षांची असताना ऑस्किकच्या, म्हणजे लहानग्यांच्या फूटी-शिकवणीच्या गटात जातात तेव्हा सगळी पोरं सारखीच दिसतात. तेरा-चौदाव्या वर्षी चित्र बदलतं. संघातली निम्मी मुलं बघता बघता ताडमाड होतात, खांदे भरतात, आवाज फुटतो, आणि आपलं पोर मात्र काटकुळंच राहतं. अशा वेळी आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा अंगावर येणारा खेळ आहे.

अशा घरांतल्या चर्चेला काही आधार मिळावा म्हणून मी फूटीपटू निक रीवोल्टचं प्रकरण घेतलं आहे. मैदानावरची त्याची १७ वर्षं जगासमोर आहेत. तो आला तेव्हा हडकुळा होता, गेला तेव्हा एएफएल ह्या फूटीच्या सर्वोच्च लीगच्या इतिहासात सर्वाधिक 'मार्क', म्हणजे हवेतल्या चेंडूचे झेल, त्याच्या नावावर होते, आणि मधल्या काळात त्याच्या धाडसाचं कौतुकही झालं, किंमतही मोजावी लागली. त्याच्याकडे बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. धाडस त्याच्याकडे आधी होतं, शरीर मागून आलं. ह्या दोन्हींच्या मधली तीन-चार वर्षं त्याला कुठे आणि कसं खेळवलं गेलं, ह्यावर पुढचं सगळं ठरलं.

पार्श्वभूमी

रीवोल्टचा जन्म १९८२चा, टास्मानियातल्या होबार्टचा. लहानपणीच कुटुंब क्वीन्सलँडमधल्या गोल्ड कोस्टला गेलं. तो रग्बी लीग ह्या वेगळ्याच खेळाचा मुलूख. तिथे हा मुलगा साउथपोर्ट क्लबकडून फूटी खेळत मोठा झाला. २०००च्या मोसमात मेलबर्नचा सेंट किल्डा क्लब २२ पैकी फक्त २ सामने जिंकून तळाला गेला होता. त्यामुळे वर्षअखेरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या प्रक्रियेत, पहिले दोन खेळाडू निवडायचा हक्क त्यांना मिळाला. पहिलं नाव त्यांनी रीवोल्टचं पुकारलं, दुसरं जस्टिन कॉशिट्स्कीचं. दोघंही उंच फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारे, दोघंही १८ वर्षांचे.

रीवोल्टची उंची १९३ सेंटिमीटर, पण अंगावर मांस म्हणाल तर नावालाच. आपल्याकडे अशा पोराला काडीपैलवान म्हणून चिडवतात. आणि समोर बचावाला उभे राहणारे कोण, तर पाच-सात वर्षं व्यायामशाळेत घाम गाळलेले पंचवीस-तिशीचे गडी. कबड्डीत कुमार गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते, त्यामुळे पोरांची गाठ साधारण आपल्याच वजनाच्या पोरांशी पडते. ह्या खेळात तसं काही नाही. १८ वर्षांचा मुलगा ड्राफ्टमधून आला की पुढच्याच मोसमात त्याच्यापेक्षा पंधरा-वीस किलोंनी जड माणूस त्याला धडक देऊ शकतो, तीही नियमात बसून.

धडक कशी लागते हे नीट कळल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. मैदान लांबटगोल, १३५ ते १८५ मीटर लांब, एका बाजूला १८ खेळाडू. ऑफसाइड नाही, त्यामुळे माणूस समोरून, पाठीमागून, बाजूने, कुठूनही येतो. कुणाची किक १५ मीटर किंवा जास्त अंतर कापून आली आणि चेंडू जमिनीला न लागता, कुणाचा हात न लागता तुम्ही झेलला, तर तो मार्क. मार्क मिळाला की खेळ तुमच्यासाठी थांबतो, निवांत किक मारता येते. म्हणून उंचावरच्या चेंडूखाली पाच-सहा जणांची झुंबड उडते आणि सगळ्यांचे डोळे वर असतात. चेंडू बघायचा की अंगावर येणारा माणूस बघायचा, दोन्हींपैकी एकच जमतं.

पहिली तीन वर्षं

२००१मध्ये रीवोल्ट फक्त ६ सामने खेळला. देशातली पहिली निवड, आणि वर्षभरात सहा सामने! क्लबातही उलथापालथ चालू होती. प्रशिक्षक माल्कम ब्लाइट यांना भर मोसमात काढून ग्रँट थॉमस यांना आणलं गेलं. त्या वर्षीचा 'रायझिंग स्टार', म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार कॉशिट्स्कीला मिळाला. एकाच क्लबातला, एकाच वर्षी आलेला जोडीदार पुढे निघून गेला, हे १८ वर्षांच्या मुलाला सोपं जात नाही. पण आज मागे वळून बघताना ते हलकं वर्ष त्याच्या पथ्यावर पडलं असंच मला वाटतं.

ह्या वयात शरीरात काय चाललेलं असतं ते बघा. १८व्या वर्षी उंची जवळपास पूर्ण झालेली असते, हाडं मात्र पक्की व्हायची असतात. ओटीपोटाच्या हाडाच्या कडा विशीच्या आसपास जुळतात. कॉलरबोनचं छातीकडचं टोक तर विशी उलटून गेल्यावर काही वर्षांनी जुळतं, सगळ्या हाडांत सर्वांत शेवटी. स्नायू व्यायामाला लवकर दाद देतात. स्नायू हाडाला बांधणारे कंडरे मात्र हळू वाढतात. म्हणून पोराला घाईघाईने जड केलं तर ताकद वाढलेली दिसते आणि सांधे, कंबर, जांघ कुरकुरायला लागतात. कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणं, जांघेच्या हाडाला सूज येणं ही तरुण फूटीपटूंची ओळखीची दुखणी आहेत, आणि एकदा मागे लागली की मोसमच्या मोसम खातात. बहुतेक क्लब पहिल्या वर्षीच्या मुलांना सरावातही कमी ओझं देतात ते ह्याचमुळे.

दुसरी अडचण ह्या खेळाचीच आहे. एका सामन्यात खेळाडू १२ ते १४ किलोमीटर धावतो. एवढं धावायचं तर वजन बेताचं हवं, धडक सोसायची तर वजन जास्त हवं. रोज लांब पल्ल्याचं धावणं आणि रोज लोखंड उचलणं, ही दोन कामं शरीरात एकमेकांच्या आड येतात. धावण्यात जाळलेल्या उष्मांकातून स्नायूंना उरतं काय? तेव्हा किरकोळ अंगाच्या मुलापुढे खरा निर्णय असतो: कशावर भिस्त ठेवायची?

रीवोल्टने भिस्त ठेवली दमसासावर. तो पुढे धिप्पाड झाला, खांदे भरले, पण त्याची ओळख राहिली ती न थकता धावणारा म्हणून. गोलसमोर उभं राहून बचावपटूशी कुस्ती खेळण्याऐवजी तो सेंटर हाफ-फॉरवर्डच्या, म्हणजे गोलपासून बऱ्याच पुढे मधल्या जागेवरून चेंडूकडे झेपावायचा, मार्क घ्यायचा, चेंडू पुढे द्यायचा आणि परत गोलकडे धावायचा. मग पुन्हा तेच. त्याच्यावर नेमलेला जड बचावपटू चार क्वार्टरच्या सामन्यात पहिल्या क्वार्टरमध्ये त्याला रेटायचा, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याच्या मागे फरफटत यायचा. ऐंशी मिनिटांहून जास्त चालणाऱ्या सामन्यात हा हिशेब मोठा ठरतो.

हे जमलं त्यात एका माणसाचा वाटा आहे आणि त्याचं नाव अशा चर्चेत फारसं निघत नाही: फ्रेझर गेरिग. शंभर किलोच्या आसपासचा, दांडगा फुल-फॉरवर्ड, म्हणजे थेट गोलसमोर खेळणारा. गोलसमोरची धक्काबुक्की त्याने अंगावर घेतली. २००४मध्ये त्याने १०३ गोल केले. गेरिग तिथे उभा होता म्हणून प्रतिस्पर्ध्यांचा सर्वांत बलदंड बचावपटू त्याच्यावर नेमला जायचा आणि रीवोल्टला मोकळं मैदान मिळायचं. संघ उभारताना एका हडकुळ्या पोराशेजारी एक भक्कम माणूस ठेवणं, ही मला ह्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ती मुद्दाम ठरवून झाली असो वा योगायोगाने, फायदा झाला तो झालाच.

२००२मध्ये 'रायझिंग स्टार' रीवोल्टला मिळाला. त्याच वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्रेव्हर बार्कर पुरस्कारही. संघ १६ पैकी १५व्या जागी होता, म्हणजे चेंडू त्याच्याकडे चांगला यायचा असंही नाही. तिथून दोन वर्षांत संघ तिसऱ्या स्थानावर पोचला आणि २००४मध्ये खेळाडू संघटनेने रीवोल्टला वर्षाचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरवलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

सिडनीचा तो झेल

२००४च्या जानेवारीत सचिनने ज्या सिडनी क्रिकेट ग्राउंडवर नाबाद २४१ केल्या, त्याच मैदानावर त्याच वर्षी रीवोल्टने तो मार्क घेतला. ऑस्ट्रेलियात धाडसी मार्कची गोष्ट निघाली की आजही तो आठवतात.

झालं असं की चेंडू उंच, लांब गोलच्या दिशेने मारला गेला होता आणि रीवोल्ट त्याच दिशेने, चेंडूच्या उड्डाणाबरोबर धावत होता. मान मागे वळलेली, नजर खांद्यावरून चेंडूवर. तो ज्या बाजूला धावत होता त्याच बाजूने खेळाडू समोरून चेंडूकडे येत होते. त्यांना चेंडूही दिसत होता आणि तोही. त्याला फक्त चेंडू. त्याने पावलं आखडली नाहीत, खांदा वळवून अंग वाचवलं नाही, हात पूर्ण ताणले, चेंडू बोटांत धरला आणि तसाच भर वेगात समोरच्यांवर जाऊन आदळला. चेंडू सुटला नाही.

त्या वर्षीचा 'मार्क ऑफ द इयर' मात्र वेस्ट कोस्टच्या ॲशली सॅम्पीला मिळाला. दुसऱ्याच्या खांद्यांवर चढून घेतलेला तो गगनभेदी मार्क होता, आणि बक्षीस योग्यच होतं. उंच उडी घेणारा खेळाडू निदान सगळं बघत असतो. खाली कोण आहे, आपण कुठे पडणार, ह्याचा थोडाफार अंदाज त्याला असतो. पाठमोरं धावणाऱ्याला तोही नसतो. फूटीच्या ड्रेसिंगरूममध्ये ह्या दुसऱ्या प्रकाराला जास्त मान आहे, आणि का ते समजू शकतं.

इथे अंगकाठीचा मुद्दा परत येतो. दोन माणसं समोरासमोर आदळतात तेव्हा दोघांवर येणारं बल सारखंच असतं. पण हलक्या माणसाच्या शरीराला, आणि त्याच्या डोक्याला, जास्त झटका बसतो. जड माणूस थांबतो, हलका मागे फेकला जातो. म्हणजे तोच मार्क शंभर किलोच्या खेळाडूने घेतला असता तर जोखीम थोडी कमी असती. किरकोळ अंगाच्या मुलाचं धाडस म्हणूनच महाग असतं. ते बघून टाळ्या वाजवणाऱ्यांनी, विशेषतः प्रशिक्षकांनी, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

तरीही ह्या मार्ककडे मी बेभानपणा म्हणून बघत नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं की त्यातला अंदाज दिसतो. चेंडू कुठे पडणार हे त्याने पहिल्या काही पावलांत ओळखलं होतं आणि त्यानंतर चेंडूवरची नजर हलवली नाही. नजर हलली असती, ऐनवेळी अंग आखडलं असतं, तर हात अर्धवट राहिले असते, बरगड्या उघड्या पडल्या असत्या आणि चेंडूही गेला असता. जाणते प्रशिक्षक मुलांना सांगतात की अर्ध्या मनाने गेलात तर हमखास लागतं. जायचं ठरवलं तर पुरतं जायचं, आणि पोचणार नसू तर आधीच थांबायचं. हे थांबणं शिकवावं लागतं. भित्रेपणाच्या शिक्क्याला घाबरून मुलं ते स्वतःहून शिकत नाहीत.

२००५: ब्रिस्बेन

पुढच्या वर्षी रीवोल्ट कर्णधार झाला. मोसमातला पहिलाच सामना ब्रिस्बेनशी, गॅबावर. चेंडूसाठी झेपावताना तो खांद्यावर पडला आणि कॉलरबोन मोडलं. तो दुखावलेला खांदा धरून मैदानातच असताना ब्रिस्बेनच्या माल मायकल आणि क्रिस स्कॉट यांनी त्याला त्याच बाजूने धक्के दिले. देशभर गदारोळ उठला. लीगने चौकशी केली, पण कारवाई झाली नाही. समर्थन करणारे म्हणत होते की मैदानात उभा आहे म्हणजे तो खेळाडू, दुखत असेल तर बाहेर जावं.

मला हा युक्तिवाद तेव्हाही पटण्यासारखा नव्हता, आजही नाही. मोडलेल्या हाडाचा माणूस पहिल्या काही सेकंदांत स्वतःच भांबावलेला असतो. त्याला नेमकं काय झालंय हेही कळलेलं नसतं. त्या सेकंदांत त्याची जबाबदारी पंचांवर आणि दोन्ही संघांवर येते. पण प्रकरणाचा भाग म्हणून ह्या प्रसंगाकडे बघितलं तर वेगळीच गोष्ट पुढे येते. त्या वेळेपर्यंत रीवोल्ट हडकुळा पोरगा राहिलेला नव्हता. मोसमाआधीच्या तयारीचे चार हंगाम (प्री-सीझन) त्याच्या अंगी लागले होते, आणि तरी हाड मोडलं. व्यायामाने स्नायू वाढतात, धक्का पसरतो, पडायचं कसं ते कळतं. खांद्यावर सरळ पडणाऱ्याचं कॉलरबोन मात्र कुठलाही स्नायू झाकत नाही. शरीर कमावलं की इजा टळते, असं मुलांना सांगणारे त्यांची फसवणूक करतात. शरीर कमावल्याने माणूस लवकर परततो, आणि तो काही आठवड्यांत परतला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २००९ची अंतिम लढत जीलाँगकडून १२ गुणांनी गेली. २०१०मध्ये मोसमाच्या सुरुवातीलाच मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू फाटला, शस्त्रक्रिया झाली, मोसमाचा मोठा भाग गेला. तरी तो परतला आणि त्या वर्षीची अंतिम लढत कॉलिंगवूडशी ६८-६८ अशी बरोबरीत सुटली. पुन्हा खेळवलेला सामना सेंट किल्डा ५६ गुणांनी हरला. अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. २०१४मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, त्याने सहाव्यांदा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला आणि पाचव्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडला गेला. तिशी उलटल्यावर ताकद टिकवणारे बरेच असतात. त्या वयात सामन्याला १३ किलोमीटर धावणाऱ्या पोरांच्या पुढे धावणारे फार थोडे. दमसासावर ठेवलेली भिस्त त्याला अशी शेवटपर्यंत पुरली. २०१७मध्ये तो थांबला तेव्हा ३३६ सामने आणि ७१८ गोल त्याच्या नावावर होते.

ह्या प्रकरणाच्या मर्यादा

रीवोल्टचं यश दाखवून प्रत्येक किरकोळ पोराला मैदानात ढकलणं चूक ठरेल. त्याच क्लबने २०१४च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पॅडी मॅकार्टिनला घेतलं. तोही उंच फॉरवर्ड, अंगाने दणकट, धाडसाला कमी नाही. पण डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागला आणि २०१९मध्ये सेंट किल्डाशी त्याचं नातं संपलं. पुढे सिडनीकडून तो परतला, २०२२ची अंतिम लढत खेळला, आणि २०२३मध्ये कंकशनमुळेच, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्यामुळेच, त्याला खेळ सोडावा लागला. ह्याच क्लबचे जुने कर्णधार डॅनी फ्रॉली २०१९मध्ये गेले. त्यांच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा आजार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी त्याचा संबंध जोडला जातो.

रीवोल्ट आणि मॅकार्टिन ह्यांच्या धाडसात फरक होता असं मला म्हणवत नाही. फरक बराचसा नशिबाचा होता. खांदा, मांडी, गुडघा हे व्यायामाने घडतात, पुन्हा जोडता येतात. मेंदूला व्यायामशाळा नाही. २००४चा तो मार्क आज कुणी घेतला तर स्टेडियम तसंच उठून उभं राहील, पण बाजूला डॉक्टर लगेच त्याचे डोळे आणि बोलणं तपासतील, आणि कंकशन ठरलं तर २०२१पासूनच्या नियमाप्रमाणे तो किमान १२ दिवस खेळणार नाही. हा बदल उशिरा आला, पण आला हे फार बरं झालं.

घरच्यांनी काय करावं

पंधरा-सोळा वर्षांचं काटकुळं पोर किंवा पोरगी खेळायचं म्हणत असेल तर प्रशिक्षकाला पहिला प्रश्न वजनाचा विचारू नका. ह्याला कोणत्या जागेवर खेळवणार आणि शेजारी कोण असणार, ते विचारा. बाजूच्या विंगवर, मोकळ्या जागेत धावणाऱ्या मुलाला वाढायला वेळ मिळतो. त्याच मुलाला गोलसमोर जड पोरांच्या तावडीत उभं केलं तर तो एका मोसमात खेळ सोडेल.

पडायचं कसं, टॅकल कमरेच्या जोरावर कसा करायचा, चेंडू उचलताना डोकं पुढे न घालता अंग बाजूने कसं न्यायचं, हे शिकवतात का ते सरावाला जाऊन स्वतः बघा. वजनं उचलायची तर आधी हलक्या वजनावर पद्धत बसू द्या, मग महिन्या-महिन्याने वाढवा. खाण्याची काळजी मराठी घराला नवी नाही, फक्त प्रमाण वाढवावं लागतं. वरण-भात, उसळी, दूध-दही, पनीर, अंडी, शेंगदाणे ह्यांतून प्रथिनं नीट मिळतात. मात्र सराव करून आलेल्या मुलाला रात्री साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवू नका, आल्या आल्या वाढा. पावडरीचे डबे ह्या वयात लागत नाहीत. झोप मात्र आठ-नऊ तास हवीच, आणि परीक्षेच्या दिवसांत तीच पहिली कापली जाते.

डोक्याला मार लागला, मूल गोंधळलं, उलटी झाली, उजेड सोसेना झाला, तर त्या दिवशी परत मैदानात पाठवायचं नाही, प्रशिक्षकाने कितीही आग्रह केला तरी. स्थानिक हौशी क्लबांच्या पातळीवर आता किमान २१ दिवस थांबायचा दंडक आहे, आणि परतण्याआधी डॉक्टरांनी तपासायला हवं. त्या २१ दिवसांत अंतिम सामना येत असला, मुलगा रडून घर डोक्यावर घेत असला, तरी त्याला बसवायचं.